क्रिओल भाषांतील अनेकवचनी सर्वनामे आणि त्यांची पश्चिम आफ्रिकी मुळे

१. प्रश्नाचे स्वरूप

एक भाषा दुसऱ्या भाषेकडून शब्द घेते, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. परंतु या देवघेवीत सर्वच शब्द सारख्या सुलभतेने घेतले जातात असे नाही. वस्तू, वस्त्रे, खाद्यपदार्थ, अधिकारपदे यांची नावे सहज उसनी घेतली जातात. सर्वनामे सहसा घेतली जात नाहीत. मराठीने फारसी, पोर्तुगीज आणि इंग्रजी या भाषांपासून असंख्य नामे स्वीकारली. तथापि 'मी', 'तू', 'आम्ही', 'तुम्ही' यांच्या जागी या भाषांतील सर्वनामे आली नाहीत. यास्तव एखाद्या भाषेत परके सर्वनाम आढळले, तर त्या भाषेच्या पूर्वेतिहासात काही असामान्य घडले असले पाहिजे, असा तर्क करावयास जागा राहते.

अटलांटिक महासागराच्या दोन्ही तीरांवरील क्रिओल भाषांत असे परके सर्वनाम आढळते. जमैका बेटातील क्रिओल भाषेचा शब्दसंग्रह बहुतांशी इंग्रजी आहे. 'मी', 'तू', 'आम्ही' या अर्थांची तिची 'मि', 'यु', 'वि' ही सर्वनामे इंग्रजीच आहेत. परंतु 'तुम्ही' या अर्थी तेथे 'उनु' हा शब्द योजितात आणि त्याची उपपत्ती इंग्रजीच्या आधारे लागत नाही.

क्रिओल म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. परस्परांची भाषा न जाणणारे लोक बळाने वा व्यापाराने एकत्र आले म्हणजे कामापुरती एक तुटपुंजी संपर्कभाषा निर्माण होते. तिला पिजिन म्हणतात. ज्या भाषा अशा प्रकारच्या संपर्कातून निघाल्या आणि पुढे एखाद्या समाजाची मातृभाषा बनल्या, त्या क्रिओल होत. त्यांचे शब्द बहुधा सत्ताधारी गटाच्या भाषेतून, म्हणजे इंग्रजी, फ्रेंच, डच, पोर्तुगीज यांपैकी एकीतून येतात. तिला येथे 'शब्ददात्री भाषा' म्हटले आहे. श्रमिकांच्या मूळ भाषांना, त्या तळाशी राहिल्या या अर्थाने, 'अधःस्तर' म्हटले आहे.

इ.स. १५०१ ते १८६७ या काळात सुमारे सव्वा कोटी माणसांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून जहाजांत चढविण्यात आले. सुमारे एक कोटी सात लाख जिवंतपणी पलीकडे पोहोचली. त्यांची नावे, कुळे व गावे हिरावून घेतली गेली. त्यांच्या भाषाही समूळ नाहीशा झाल्या आणि त्यांच्या वंशजांच्या तोंडी मालकाच्या भाषेचे केवळ मोडकेतोडके रूप राहिले, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. विद्वानही तिला अपवाद नव्हते. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना व जॉर्जिया यांच्या किनारपट्टीवरील 'गला' ही बोली म्हणजे आळसाने बिघडलेली इंग्रजी होय, असे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातही छापले जात होते. ही समजूत कितपत खरी आहे, याची परीक्षा करण्यास अनेकवचनी सर्वनामे हे एक लहान परंतु उपयुक्त क्षेत्र आहे. या क्षेत्रात आफ्रिकी मुळांचा पुरावा दोन वेगळ्या प्रकारचा आहे: काही ठिकाणी शब्दाचे रूपच आफ्रिकी आहे, काही ठिकाणी रूप युरोपीय असून त्याचे कार्य आफ्रिकी आहे. या दोन प्रकारांचे बळ सारखे नाही, आणि त्यांची गल्लत केल्यामुळे या विषयावरील पुष्कळसे वाद माजले आहेत.

२. 'उनु' : रूपाचा पुरावा

जमैकात चारचौघांना उद्देशून 'तुम्ही येत आहात का?' असे विचारावयाचे झाल्यास 'उनु आ कम?' असे म्हणतात. यातील 'कम' हे इंग्रजी क्रियापद आहे, 'आ' हे चालू क्रियेचे चिन्ह आहे, आणि 'उनु' हे द्वितीय पुरुषाचे अनेकवचन आहे. हाच शब्द थोड्याफार ध्वनिभेदाने फार विस्तृत प्रदेशात आढळतो. बेलीझमध्ये 'उनु', बार्बाडोसमध्ये 'वना', बहामा बेटांत 'यिना', गला बोलीत 'ऊना' किंवा 'हना' अशी रूपे आहेत. दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम देशाच्या स्रानन व सारामाकन या क्रिओल भाषांत 'उनु' आहे. आफ्रिकेच्या बाजूस सिएरा लिओनमधील क्रिओ भाषेत आणि नायजेरियन पिजिनमध्ये 'उना', तर कॅमेरून पिजिनमध्ये 'वुना' आढळते.

नायजेरियाच्या आग्नेय भागातील इग्बो भाषेत 'तुम्ही' या अर्थी 'उनु' हेच सर्वनाम आहे. मराठी 'तुम्ही' आदरार्थी एकालाही लावता येते. इग्बो 'उनु' मात्र अनेकांनाच उद्देशून वापरले जाते. जमैकातील 'उनु'चा मूळ अर्थही हाच. गला बोलीत मात्र 'ऊना' एकाला उद्देशूनही योजिला जातो. ही अर्थविस्ताराची पुढची पायरी दिसते. रूप आणि अर्थ दोन्ही जुळत असल्यामुळे या शब्दाचे मूळ इग्बोत शोधण्याकडे अभ्यासकांचा कल झाला. लोरेंझो डाउ टर्नर यांनी १९३२ पासून गला भाषकांमध्ये राहून संशोधन केले आणि १९४९ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी आफ्रिकी मुळाचे सुमारे चार हजार शब्द नोंदविले. त्यांत बहुसंख्य व्यक्तिनामे होती. तरीही गला म्हणजे निव्वळ बिघडलेली इंग्रजी, हे मत त्यानंतर टिकणे कठीण झाले. फ्रेडरिक कॅसिडी आणि रॉबर्ट ले पेज यांनी १९६७ च्या आपल्या जमैकन इंग्रजीच्या कोशातही 'उनु'चा संबंध इग्बोशी जोडला.

३. एकच सर्वनाम का?

इग्बोत तीन अनेकवचनी सर्वनामे आहेत: 'आन्यी' म्हणजे आम्ही, 'उनु' म्हणजे तुम्ही, 'हा' म्हणजे ते. इग्बो भाषकांच्या प्रभावामुळेच हे सर्वनाम आले असेल, तर तिघांपैकी एकानेच का प्रवास केला? 'आन्यी' व 'हा' यांचा इंग्रजी शब्दसंग्रहाच्या क्रिओल भाषांच्या सर्वनामव्यवस्थेत मागमूसही नाही.

याचे उत्तर इग्बोपेक्षा इंग्रजीच्या इतिहासात अधिक मिळते. सोळाव्या-सतराव्या शतकांत इंग्रजीतील एकवचनी 'दाऊ' हळूहळू मागे पडले आणि 'यू' हेच एकाला व अनेकांना लागू झाले. खेडोपाडीच्या बोलींत 'दाऊ' पुढेही टिकून होते. परंतु मळ्यांवर ऐकू येणाऱ्या इंग्रजीत 'यू' या एकाच शब्दाने दोन्ही वचने निभावली जात. आफ्रिकेच्या ज्या प्रदेशातून माणसे नेली गेली तेथील इग्बो, योरुबा, एवे, किकोंगो इत्यादी भाषांत 'तू' आणि 'तुम्ही' हा भेद स्पष्ट आहे. अशा भाषकांना हा भेद करण्यास इंग्रजीने साधन दिले नाही. 'वी' आणि 'देम' या शब्दांनी प्रथम व तृतीय पुरुषाची गरज भागली. द्वितीय पुरुषाची जागा रिकामी राहिली, आणि त्या जागी इग्बो शब्द बसला. इंग्रजी बोलींनीही पुढे हीच उणीव 'यूज', 'यॉल' अशा नव्या रूपांनी भरून काढली, यावरून ती किती वास्तव होती हे कळते.

आता इतिहासाची बाजू पाहता एक अडचण उभी राहते. इग्बो लोक मुख्यतः बियाफ्राच्या उपसागरावरील बॉनी, कालाबार इत्यादी बंदरांतून नेले गेले. या किनाऱ्यावरून एकूण सुमारे सोळा लाख माणसे नेली गेली, आणि त्या व्यापाराचा जोर अठराव्या शतकात होता. ब्रिटिशांनी १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद केला, तोपर्यंत तो चालू राहिला. यावरून 'उनु' हा अठराव्या शतकातील शब्द ठरेल. परंतु सुरिनाममध्ये इंग्रजांची वसाहत १६५१ मध्ये झाली आणि १६६७ च्या ब्रेडा तहाने ती डचांकडे गेली. स्रानन भाषेचा इंग्रजी पाया या सोळा-सतरा वर्षांच्या संबंधातून पडला. डच जहाजे पुढे मुख्यतः अन्य किनाऱ्यांवरून माणसे आणीत. तेव्हा सुरिनाममधील 'उनु' अठराव्या शतकातील इग्बो गर्दीने आणला, असे म्हणता येत नाही.

या अडचणीतून दोन उपपत्ती निघाल्या आहेत. पहिलीनुसार या शब्दाचे प्रसारकेंद्र बार्बाडोस होय. या बेटावर इंग्रज वसाहत १६२७ मध्ये झाली. सतराव्या शतकाच्या मध्यास तेथे येणारी बरीच जहाजे बियाफ्राच्या उपसागरातून येत. पुढे सुरिनाममध्ये १६५१ नंतर, जमैकात १६५५ नंतर आणि कॅरोलायनात १६७० नंतर जे मळेवाले वसले, त्यांपैकी अनेक आपल्या गुलामांसह बार्बाडोसहून आले होते. शब्दही त्यांच्याबरोबर गेला असावा. दुसरी उपपत्ती जॉन मॅक्व्हॉर्टर यांनी १९९५ मध्ये व नंतर २००० मधील आपल्या ग्रंथात मांडली. इतक्या दूरदूरच्या भाषांत एकच विशिष्ट, अन्यथा अनपेक्षित शब्द आढळतो, त्या अर्थी या सर्व भाषांची एकच जननी असली पाहिजे आणि ती आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील इंग्रज ठाण्यांच्या परिसरात जन्मली असावी, असा त्यांचा युक्तिवाद आहे. दोहोंपैकी कोणतीही उपपत्ती स्वीकारली तरी निष्कर्ष एकच येतो: 'उनु' हा शब्द क्रिओल भाषांत अगदी आरंभी शिरला, आणि आरंभीच्या थोड्या लोकांनी पाडलेली चाल पुढे आलेल्या हजारोंनी उचलली.

आफ्रिकी किनाऱ्यावरील 'उना'चा साक्षीदार म्हणून उपयोग करताना मात्र सावधगिरी हवी. क्रिओ भाषा ज्या फ्रीटाउनमध्ये घडली तेथे १७९२ मध्ये नोव्हा स्कोशियाहून आणि १८०० मध्ये जमैकाहून मुक्त आफ्रिकी लोक येऊन वसले. १८०८ नंतर गुलामांच्या जहाजांतून सोडविलेले लोक तेथे उतरविले गेले. त्यांत इग्बोही होते. म्हणून क्रिओतील 'उना' आफ्रिकेतच राहिलेला शब्द आहे, की अटलांटिक ओलांडून परत आलेला, हे केवळ त्याच्या अस्तित्वावरून ठरत नाही.

शिवाय किकोंगोत 'येनो', किंबुंदूत 'एनु', वोलोफमध्ये 'येन' अशी 'तुम्ही' या अर्थाची काहीशी सदृश रूपे आहेत. ती 'उनु'चे मूळ ठरत नाहीत. परंतु अनेक भाषकांच्या कानांना हा शब्द ओळखीचा वाटला असल्यास त्याच्या टिकण्यास साह्य झाले असेल. अशा ठिकाणी एकच मूळ सांगण्यापेक्षा एक मूळ आणि अनेक आधार, असे म्हणणे अधिक रास्त होय.

४. 'देम' : कार्याचा पुरावा

तृतीय पुरुषाकडे वळताच पुराव्याचे स्वरूप बदलते. जमैकात 'ते येत आहेत' या अर्थी 'देम आ कम' असे म्हणतात. यातील 'देम' हे इंग्रजी 'देम'च आहे, यात संशय नाही. परंतु 'मुले येत आहेत' हे 'दि पिकनी देम आ कम' असे होते. येथे 'देम' हा शब्द 'पिकनी' या नामामागून येऊन त्याचे अनेकवचन दाखवितो. म्हणजे 'ते' हे सर्वनामच अनेकवचनाचे चिन्ह बनले आहे; जणू मराठीत 'मूल-ते' असे म्हणून 'मुले' हा अर्थ सांगावा.

हीच रचना इतरत्रही दिसते. क्रिओमध्ये 'देन' म्हणजे 'ते' आणि 'दि पिकिन देन' म्हणजे 'ती मुले'. स्राननमध्ये 'देन' म्हणजे 'ते'; 'आ ओसो' म्हणजे 'ते घर' आणि 'देन ओसो' म्हणजे 'ती घरे'. कुरासाव व अरुबा येथील पापियामेंतु भाषेचा शब्दसंग्रह पोर्तुगीज-स्पॅनिश असूनही तीत 'नान' म्हणजे 'ते', आणि 'कास' म्हणजे घर, 'कासनान' म्हणजे घरे. 'नान' या रूपाच्या मुळाविषयी मतभेद आहेत. त्याच्या दुहेरी कार्याविषयी नाहीत.

पश्चिम आफ्रिकेत या रचनेचे आदर्श सापडतात. घाना व टोगो येथील एवे भाषेत 'वो' हे 'ते' या अर्थाचे सर्वनाम आहे आणि तेच नामाच्या शेवटी लागून अनेकवचन घडविते: 'आति' म्हणजे झाड, 'आतिवो' म्हणजे झाडे. योरुबात 'आवॉन' म्हणजे 'ते', आणि 'आवॉन ऑमॉ' म्हणजे 'मुले'. एवेमध्ये चिन्ह नामानंतर येते, योरुबात नामापूर्वी. क्रिओल भाषांतही जमैकन व पापियामेंतु यांनी नंतरची, तर स्राननने पूर्वीची जागा घेतली आहे.

आणखी एक लकब लक्षात घेण्याजोगी आहे. जमैकात 'जॉन देम' म्हणजे अनेक जॉन नव्हेत; 'जॉन आणि त्याच्याबरोबरची मंडळी' असा त्याचा अर्थ होतो. योरुबात 'आवॉन तायवो' म्हणजे 'तायवो आणि इतर मंडळी'. विशेषनामाला अनेकवचनाचे चिन्ह लावून त्या व्यक्तीचा परिवार सुचविण्याची ही रीत प्रमाण इंग्रजीच्या अनेकवचनी प्रत्ययात नाही.

येथे आक्षेपकाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. इंग्रजी बोलींत 'देम बॉइज' म्हणजे 'ती पोरे' असा प्रयोग आहे. तेव्हा नामापूर्वीचे 'देम' इंग्रजी बोलीतून आले असे म्हणता येते, आणि ते खोडून काढता येत नाही. नामानंतरच्या 'देम'ला मात्र हे उत्तर लागू पडत नाही. इंग्रजी बोलींत दर्शक 'देम' नामापूर्वीच येते. जेथे शब्ददात्री भाषा स्वतःच एखादी रचना पुरवू शकते तेथे अधःस्तराचा पुरावा दुबळा, आणि जेथे ती पुरवू शकत नाही तेथे तो सबळ मानावा, हा नियम या उदाहरणावरून स्पष्ट होतो.

५. हैतीतील 'नू' आणि 'यो'

हैती क्रिओलचा शब्दसंग्रह फ्रेंच आहे. सुझान सिल्व्हां यांनी १९३६ मध्ये या भाषेचे विवेचन करून असा निष्कर्ष काढला की, ही फ्रेंच शब्दसंग्रह घेतलेली एवे भाषा आहे. हे विधान आज कोणी जसेच्या तसे स्वीकारणार नाही. परंतु त्याने उपस्थित केलेला प्रश्न जिवंत राहिला.

हैतीत 'नू' या सर्वनामाचे दोन अर्थ आहेत: 'आम्ही' आणि 'तुम्ही'. फ्रेंच 'नू' म्हणजे फक्त 'आम्ही'. 'तुम्ही'साठी फ्रेंचमध्ये 'व्हू' हे निराळे सर्वनाम आहे. मग हे दोन पुरुष एका रूपात कसे मिसळले? एवेमध्ये 'मि' हे रूप उच्च सुरात उच्चारले तर 'आम्ही', नीच सुरात उच्चारले तर 'तुम्ही' असा अर्थ होतो. एवेची भगिनी असलेल्या फॉन भाषेतही ही दोन सर्वनामे मुख्यतः सुराने भिन्न आहेत. ज्यांच्या मूळ भाषेत हे दोन अर्थ एकाच स्वरव्यंजनांत सामावलेले होते, त्यांनी अर्थभेदक सूर नसलेल्या नव्या भाषेत दोहोंसाठी एकच रूप वापरले असावे. क्लेर लफेव्हर यांनी १९९८ च्या ग्रंथात हैती क्रिओलच्या फॉन पायाविषयी जो विस्तृत युक्तिवाद केला, त्यात हे सर्वनाम एक महत्त्वाचे प्रमाण आहे. सुरिनाममध्येही याला आधार मिळतो. स्राननमधील 'उनु' हे 'तुम्ही'बरोबरच 'आम्ही' या अर्थीही येते. आणि सुरिनामच्या आरंभीच्या आफ्रिकी लोकांत एवे-फॉन गटाचे प्रमाण मोठे होते. शब्ददात्री भाषा निराळी, सर्वनामाचे रूप निराळे, परंतु पुरुषांचा संकर तोच: ही जोड योगायोगाने स्पष्ट होणे कठीण आहे.

'यो'ची गोष्ट इतकी सरळ नाही. हैतीत 'यो' म्हणजे 'ते', आणि 'तिमून यो' म्हणजे 'ती मुले'. रूपदृष्ट्या 'यो' फ्रेंचमधील तृतीय पुरुषी सर्वनामाच्या प्रादेशिक उच्चारातून आले, असे मानले जाते. फॉनमधील 'ये' म्हणजे 'ते', हेही त्याच्या जवळचे आहे. परंतु फॉनमध्ये 'ये' नामाचे अनेकवचन दाखवीत नाही. त्यासाठी 'ले' हे निराळे चिन्ह नामानंतर येते. सर्वनाम आणि चिन्ह एकच असण्याचा नमुना एवेत आहे, फॉनमध्ये नाही. म्हणून 'नू'साठी जी भाषा चांगली साक्ष देते, ती 'यो'साठी तितकी चांगली साक्ष देत नाही. एका क्रिओल भाषेचा सर्व व्याकरणव्यवहार एकाच आफ्रिकी भाषेवर बसविण्याचा मोह यामुळे आवरावा लागतो.

६. मर्यादा आणि प्रतिप्रमाणे

सिद्धांताची खरी परीक्षा त्याच्या विरुद्ध जाणाऱ्या वस्तुस्थितीने होते. जमैकात अकान व इग्बो भाषकांची संख्या मोठी होती. परंतु इग्बो 'हा' आणि अकान 'वॉन' ही 'ते' या अर्थाची सर्वनामे त्या त्या भाषेत नामाचे अनेकवचन दाखवीत नाहीत. तेव्हा 'पिकनी देम' या रचनेचे श्रेय या दोन भाषांना देता येत नाही. ते एवे, योरुबा यांसारख्या, गुलामांचा किनारा म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रदेशातील भाषांकडे जाते. संख्याबळ आणि व्याकरणावरील प्रभाव यांचे प्रमाण सारखे नसते, हा यातून मिळणारा धडा आहे.

दुसरे प्रतिप्रमाण दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकान्स भाषेचे आहे. तीत 'हुल्ले' म्हणजे 'ते', आणि 'पा-हुल्ले' म्हणजे 'वडील आणि घरची मंडळी'. आफ्रिकान्सच्या घडणीत पश्चिम आफ्रिकी भाषांचा वाटा मोठा मानता येत नाही. म्हणजेच 'ते' या सर्वनामाकडून अनेकवचनाकडे जाणारी वाट मानवी भाषेला इतरत्रही सापडू शकते. क्रिओल भाषांतील साम्ये मानवाच्या जन्मजात भाषाशक्तीतून उद्भवतात, असे डेरेक बिकर्टन यांनी १९८१ मध्ये प्रतिपादिले होते. त्या मतास अशा उदाहरणांचा आधार मिळतो.

परंतु ही वाट सर्वत्र धरली जात नाही, हेही तितकेच खरे. मॉरिशसच्या क्रिओल भाषेचा शब्दसंग्रह हैतीप्रमाणेच फ्रेंच आहे. तेथे आणलेले गुलाम मुख्यतः मादागास्कर व पूर्व आफ्रिका येथील होते; पश्चिम आफ्रिकेतून तुलनेने थोडे आले. तेथे 'झोत' हे एकच रूप 'तुम्ही' व 'ते' या दोन्ही अर्थी चालते, आणि अनेकवचन मात्र सर्वनामाने होत नाही. 'टोळी', 'समूह' अशा अर्थाच्या फ्रेंच नामापासून आलेले 'बान' हे चिन्ह नामापूर्वी येते: 'बान झांफां' म्हणजे 'मुले'. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातून मॉरिशसला गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशजही आज हीच क्रिओल बोलतात आणि अनेकवचन याच 'बान'ने करतात. केवळ मानवी भाषाशक्तीच कारण असती, तर हैती आणि मॉरिशस यांनी या बाबतीत भिन्न मार्ग का धरले, याचे उत्तर देणे अवघड झाले असते.

गयानातील बर्बीस नदीच्या काठची डच क्रिओल या संदर्भात सर्वांत बोलकी आहे. १६२७ मध्ये स्थापन झालेल्या या डच वसाहतीतील भाषेत इजॉ या नायजेरियाच्या त्रिभुज प्रदेशातील भाषेचे घटक विलक्षण प्रमाणात होते. 'ते' या अर्थाचे 'एनि' हे सर्वनाम इजॉचे, आणि नामाचा अनेकवचनी प्रत्यय 'आपु' हाही इजॉचा: 'केने' म्हणजे माणूस, 'केनापु' म्हणजे माणसे. येथे आफ्रिकी भाषकांचा एकच गट प्रबळ होता आणि रूप व कार्य दोन्ही एकत्र आली. ही भाषा आज लुप्त झाली आहे. सिल्व्हिया कौवेनबर्ग यांनी १९९४ मध्ये तिचे व्याकरण प्रसिद्ध केले, म्हणून ही साक्ष उपलब्ध राहिली.

'पश्चिम आफ्रिका' हे विशेषणही सर्वत्र लागू पडत नाही. कोलंबियातील सान बासिलिओ दे पालेंके या गावच्या स्पॅनिश शब्दसंग्रहाच्या क्रिओलमध्ये 'तुम्ही' या अर्थी 'एनु' हे जुने रूप आणि 'ते' या अर्थी 'आने' आहे. ती दोन्ही मध्य आफ्रिकेतील बांटू भाषांशी, विशेषतः किकोंगोशी, जोडली जातात.

७. मराठीच्या अभ्यासकास या विषयाचे महत्त्व

हा प्रश्न मराठीपासून वाटतो तितका दूरचा नाही. १९६८ मध्ये जमैकातील मोना येथे पिजिन व क्रिओल भाषांवर जी परिषद भरली, तिच्यातून निघालेल्या व डेल हाइम्स यांनी १९७१ मध्ये संपादिलेल्या ग्रंथात फ्रँकलिन साउथवर्थ यांचा मराठीच्या उगमाविषयीचा निबंध आहे. मराठीचा शब्दसंग्रह आर्य असला तरी तिच्या रचनेत द्राविड भाषांशी जे साम्य आढळते, त्यावरून तिच्या पूर्वेतिहासात क्रिओलसदृश अवस्था होऊन गेली असावी काय, असा प्रश्न त्यांनी त्यात उपस्थित केला.

हे मत सर्वमान्य नाही. तथापि अनेकवचनी सर्वनामांपुरते पाहिल्यास साम्य विचार करावयास लावते. 'आम्ही' म्हणताना श्रोता वगळला जातो. 'आपण' म्हणताना तो सामील केला जातो. संस्कृतात हा भेद नाही. तेलुगूत तो 'मेमु' आणि 'मनमु' या सर्वनामांनी दाखविला जातो. 'आपण' हा शब्द मात्र संस्कृत 'आत्मन्'पासून प्राकृतातून आला आहे. रूप आर्य आणि कार्य द्राविड: ही रचना 'देम'सारखी आहे, 'उनु'सारखी नाही. पापुआ न्यू गिनीतील टोक पिसिन भाषेनेही श्रोत्यासह 'युमि' आणि श्रोत्यावाचून 'मिपेला' असा हाच भेद इंग्रजी शब्दांतून उभा केला, कारण तिच्या मूळ भाषकांच्या मेलानेशियन भाषांत तो होता.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, क्रिओल भाषांच्या अनेकवचनी सर्वनामांची आफ्रिकी मुळे हे एकच विधान नसून तीन वेगवेगळ्या बळाची विधाने आहेत. 'उनु' व 'एनि' यांच्या बाबतीत रूप व अर्थ दोन्ही आफ्रिकी भाषांशी जुळतात. हा पुरावा सर्वांत सबळ होय. नामानंतरचे 'देम' आणि दोन पुरुषांना सामावणारे 'नू' यांच्या बाबतीत रूप युरोपीय आणि कार्य आफ्रिकी आहे. हा पुरावा तेव्हाच ग्राह्य ठरतो, जेव्हा शब्ददात्री भाषेत ती रचना नसते, विशिष्ट आफ्रिकी भाषेत ती असते, आणि त्या भाषेचे लोक योग्य काळी तेथे होते हे इतिहास सांगतो. नामापूर्वीच्या 'देम'सारख्या ठिकाणी इंग्रजी व आफ्रिकी दोन्ही मुळे संभवतात, आणि तेथे निर्णयाचा आग्रह धरू नये.

या भेदांमुळे आफ्रिकी वारशाचे मोल कमी होत नाही. सर्वत्र आफ्रिका दाखविण्याच्या उत्साहाने जे सिद्ध होऊ शकले नाही, ते नेमक्या प्रमाणांनी सिद्ध होते. मळ्यांवर आणलेल्या माणसांनी मालकाची भाषा केवळ ऐकून बिघडविली नाही. तिच्यात 'तू' आणि 'तुम्ही' यांचा भेद नाही, हे त्यांनी ओळखले आणि आपल्या भाषेतील शब्दाने ती उणीव भरून काढली. जमैकात आज कोणी चारचौघांना 'उनु' म्हणून हाक घालतो, तेव्हा तो अशुद्ध इंग्रजी बोलत नसतो. इंग्रजीजवळ त्या वेळी नसलेले एक सर्वनाम तो योग्य ठिकाणी योजीत असतो.